चौपाटी पाहिजे, समुद्र असल्यास प्राधान्य

कुठल्या शहराचा समुद्रकिनारा सगळ्यांत चांगला, हा वाद आपल्याकडे आंब्याच्या वादासारखा चालतो. ज्याच्या गावात जे पिकतं ते सर्वोत्तम, बाकीचं 'ठीक आहे, खाऊन बघायला हरकत नाही'. मुंबईकर गिरगाव चौपाटीचं नाव घेतो आणि पाण्याचा विषय निघायच्या आत भेळेकडे वळतो. चेन्नईकर मरीनाची लांबी सांगतो. विशाखापट्टणमचा माणूस 'आमच्या वाळूवर पाणबुडी आहे, तुमच्याकडे आहे?' असं विचारून समोरच्याला गप्प करतो. गोवेकर वादात पडत नाही. तो नुसता बघतो, आणि त्या बघण्यात थोडी दया असते. पुणेकराच्या घरापासून समुद्र शंभरावर किलोमीटर लांब, मध्ये अख्खा सह्याद्री. त्यामुळे त्याच्या मतात ओलावा कमी आणि अधिकार जास्त.

बहुतेक जण हा वाद आकड्यांनी मिटवायला जातात, आणि किनाऱ्याच्या बाबतीत आकड्याइतकी बेभरवशाची गोष्ट नाही. भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर लांब आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या शाळेत घोकून घेतलं गेलं. अलीकडे सरकारने ती पुन्हा मोजली, तर ११,०९८ किलोमीटर भरली. साडेतीन हजार किलोमीटर किनारा वाढला आणि एकाही माणसाच्या खिडकीतून जास्तीचा समुद्र दिसला नाही. कारण एवढंच, की या वेळी माप बारीक घेतलं. खाडीत शिरा, बेटाला वळसा घाला, प्रत्येक खाचखळगा धरा, की लांबी वाढते. शिंप्याने प्रत्येक चूण धरून माप घेतलं की कापड जास्त भरतं, तसंच. तेव्हा लांबी बाजूला ठेवू. वाळूचा रंग, पाण्याचा निळेपणा आणि माडांची संख्या हीही मापं बाजूला ठेवू, कारण ती पर्यटकाची मापं आहेत, आणि पर्यटक म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा. त्याला कुठलंही गाव चांगलंच दिसतं. शहराचा किनारा पारखायचा तर तिथे रोज संध्याकाळी गावातलं कोण जातं आणि जाऊन काय करतं, ते बघायला हवं. माझं म्हणणं असं, की तो माणूस तिथे जाऊन बसतो. बाकी विशेष काही करत नाही. आणि ज्या शहरात हे बसणं सगळ्यांत सोपं, त्या शहराचा किनारा सगळ्यांत चांगला.

याचा पहिला पुरावा खुद्द मराठी भाषेत आहे. 'चौपाटी' हा शब्द वाढला मुंबईत, समुद्राकाठी. पण हातपाय फुटल्यावर तो घाट चढून आला. कोल्हापुरात रंकाळ्याची चौपाटी आहे, नागपुरात फुटाळ्याची. तिथे निदान तलाव तरी आहेत. पुण्यात सारसबागेची चौपाटी आहे, आणि तिथल्या गिऱ्हाइकाचा पाण्याशी येणारा संबंध मुख्यत्वे पावभाजीबरोबरच्या स्टीलच्या ग्लासापुरता असतो. इंदूरने तर मेघदूत बागेपाशी चौपाटी वसवली, आणि इंदूर ज्या राज्यात आहे त्याला कुठल्याही बाजूने समुद्र शिवलेला नाही. ज्या शब्दातून समुद्र वजा केला तरी शब्द तसाच्या तसा उभा राहतो, त्या शब्दाच्या अर्थात समुद्र मुळात होता तरी किती? वजाबाकी करून उरतं ते असं: ओळीने लावलेल्या गाड्या, त्यांच्यावरचे पांढरेफेक दिवे, टेकायला एखादा कठडा, आणि 'जरा फिरून येऊ' म्हणून घराबाहेर पडलेली, पण कुठेही न फिरणारी कुटुंबं. मराठी माणसाने आपल्या गरजेची जाहिरात कधी छापली नाही, पण ती छापली असती तर 'चौपाटी पाहिजे. समुद्र असल्यास प्राधान्य' अशीच निघाली असती.

बरं, समुद्र ऐच्छिक असेल, वाळू तरी सक्तीची? तीही नाही. मुंबईत बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला समुद्र दाखवायला मरीन ड्राइव्हला नेतात. तिथे वाळूचा कण नाही. साडेतीन किलोमीटर लांबीचा एक सिमेंटचा कट्टा आहे, कट्ट्याखाली लाटा मोडायला टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे आहेत, आणि ठोकळ्यांच्या फटींतून उंदीर आणि खेकडे गुण्यागोविंदाने नांदतात. पुदुच्चेरीची गोष्ट याहून बोलकी आहे. १९८० च्या दशकात शहराच्या दक्षिणेला बंदर बांधलं, किनाऱ्याने वर सरकणाऱ्या वाळूची वाट अडली, शहरासमोरची पुळण समुद्राने नेली आणि तिच्या जागी काळे दगड टाकावे लागले. दुसरं एखादं गाव यावर सुतक धरून बसलं असतं. पुदुच्चेरी नुसतीच बसली. दगडांना 'रॉक बीच' असं नाव पडलं, संध्याकाळ झाली की समोरचा रस्ता गाड्यांना बंद होऊ लागला, आणि लोक वाळू नसलेल्या किनाऱ्यावर वाळू असल्यासारखेच येत राहिले. पुढे २०१८ मध्ये पाण्याखाली लोखंडी बांध घालून थोडी वाळू परत आणली गेली. आनंद झाला, पण कट्ट्यावरची जागा सोडण्याइतका नाही.

उरलं पाणी. समुद्र पोहण्यासाठी असतो, असं एक मत परदेशात प्रचलित आहे. त्या मताचं आपल्याकडे काय झालं हे बघायचं तर गिरगाव चौपाटीवर जावं. तिथे अरबी समुद्राला अगदी खेटून पोहण्याचा तलाव आहे: मफतलाल बाथ. दादरला शिवाजी पार्कापाशी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, महापालिकेचा आणखी एक. तिकडे चेन्नईत मरीनावर, समोर अख्खा बंगालचा उपसागर पसरलेला असताना, तिथल्या महापालिकेनेही पोहण्याचा तलाव बांधला आहे. दोन्ही शहरांनी एकमेकांना न विचारता एकच निष्कर्ष काढलेला दिसतो, की ज्याला पोहायचंय त्याने तलावात जावं. समुद्र बसणाऱ्यांसाठी राखीव आहे. मरीनाला पाण्याखालच्या ओढीमुळे पोहायला बंदी आहे हे खरं, आणि मुंबईच्या पाण्याबद्दल न बोललेलंच बरं. पण बंदी नसती तरी फारसा फरक पडला नसता. आपल्या कुटुंबाचा समुद्रावरचा विधी ठरलेला आहे. वडील पँट गुडघ्याच्या दोन बोटं खाली येईल इतकीच दुमडतात. वर घेतली तर चारचौघांत बरं दिसत नाही, खाली ठेवली तर भिजते. चार लाटा त्यांचा मान राखतात आणि पाचवी मांडीपर्यंत भिजवून जाते. आईने एका हाताने निऱ्या उचललेल्या असतात, दुसऱ्या हातात मुलाचं बखोट असतं आणि तोंडात 'पुढे जाऊ नकोस' हे पालुपद असतं. मुलगा पुढे जातो. या सगळ्यांच्या मागे, ओल्या वाळूची रेघ सोडून चार हात अलीकडे, एक माणूस चपला सांभाळत बसलेला असतो. तो कुठल्याही कुटुंबात असतोच; बहुधा काका, कधी गुडघे दुखणारी आत्या, क्वचित नवा जावई. चार जोड ओळीने मांडलेले, एका बुटात मोबाइल, दुसऱ्यात चष्मा, तिसऱ्यात घराच्या किल्ल्या आणि सगळ्यांवर पसरलेला एक पंचा. समुद्रावर येऊन तो समुद्राकडे बघतसुद्धा नाही, असं वाटून त्याची कीव करायचं कारण नाही. चौपाटीवर यायचा मूळ हेतू पूर्ण होतो तो एकट्याचाच. बाकीचे नुसते भिजतात.

इथे कुणी म्हणेल, की नुसतं बसायचंच आहे तर बागेत बसा, त्यासाठी समुद्र कशाला अडवायचा? आक्षेप रास्त आहे, पण तो घेणाऱ्याने आपल्या शहरांतल्या बागा पाहिलेल्या नसाव्यात. बागेला फाटक असतं, फाटकाला कुलूप असतं, कुलपाला वेळ असते आणि वेळेला वॉचमन असतो. गवतावर बसू नये अशी पाटी असते, आणि बाकावर बसावं तर तो कुणाच्या तरी स्मरणार्थ असून आधीच दोन ज्येष्ठ नागरिकांनी व्यापलेला असतो. चौपाटीवर रात्री पोलिसांची शिट्टी वाजते, नाही असं नाही. पण शिट्टीला कुलूप लावता येत नाही. तलावाची अडचण वेगळी. रंकाळ्याला समोरचा काठ आहे, आणि त्या काठावर ओळखीचे काका उभे असण्याची शक्यता कायम असते. मुंबईतून सरळ पश्चिमेला बघितलं तर पलीकडचा काठ थेट ओमानचा. चेन्नईतून बघितलं तर अंदमानचा. तिथल्या कुठल्याही काकांना इथलं दिसत नाही. मरीन ड्राइव्हवर जोडपी शहराकडे पाठ करून ओळीने बसतात त्यामागचं शास्त्र हेच आहे. घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, बागेत वॉचमन, हॉटेलात बिल. पण या कट्ट्यावर बसलेल्या माणसाची फक्त पाठ दिसते, आणि पाठ ओळखून तिच्या घरी निरोप धाडणं बिल्डिंगमधल्या चौकस माणसालाही अवघड जातं. कोट्यवधींच्या शहरात एवढी फुकट खासगी जागा दुसरी नाही, आणि तीही रस्त्याच्या कडेला.

शिवाय समोर बिल्डिंग येणार नाही, ही समुद्राने दिलेली हमी. चारही बाजूंनी बांधकाम चालू असलेल्या शहराला एक तरी बाजू अशी हवी, जिथे नजर टाकली की परत येत नाही. मुंबईत मात्र या हमीवर फार विसंबू नये. मरीन ड्राइव्ह ज्या जमिनीवर आहे तीच मुळी समुद्रात भर घालून केलेली. या बॅकबे भरावाच्या योजनेतला गैरकारभार १९२० च्या दशकात खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला आणि त्यापायी कोर्टाची पायरीही चढले. पुढे शहराने त्यांचं नाव कशाला द्यावं? नरिमन पॉइंटला. तो त्याच बॅकबेच्या भरावावर उभा आहे. मुंबई ज्यांचा आदर करते त्यांचं ऐकतेच असं नाही.

आता या मापाने शहरं लावून बघू, आणि मुंबईकरांनी मन घट्ट करावं, कारण सुरुवात चेन्नईपासून करायला हवी. मरीना ही तशी सरकारी चुकीतून निघालेली चांगली गोष्ट. मद्रासचं बंदर बांधायला १८७० च्या दशकात सुरुवात झाली. या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाते. बंदराची भिंत मध्ये आली तशी ती दक्षिणेला अडून साचत गेली. उत्तरेचं रोयापुरम झिजलं आणि दक्षिणेला एवढी वाळू पसरली की आज रस्त्यापासून पाण्यापर्यंत पोचायला सरासरी तीनशे मीटर तुडवावे लागतात. ग्रँट डफ नावाच्या गव्हर्नराने १८८० च्या दशकात इथे फिरायचा रस्ता केला आणि त्याला मरीना असं इटालियन नाव ठेवलं. बंदराने दिलं तसं घेतलंही. चेन्नईच्या लोकलचं एका टोकाचं स्टेशन आजही 'चेन्नई बीच' आहे, आणि तिथे उतरून समुद्र शोधणारा माणूस बंदराच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. मुंबईने बरोबर उलटा घोळ घातला. मरीन लाइन्स हे नाव समुद्रामुळे नव्हे, तिथल्या मरीन बटालियनच्या छावणीमुळे पडलं. समुद्र शेजारी निघाला हा योगायोग.

पण मरीनाचा खरा मोठेपणा वाळूत नाही, दिशेत आहे. हा पूर्वेचा किनारा. संध्याकाळी सूर्य लोकांच्या पाठीमागे, शहरातल्या गच्च्यांआड मावळतो. समोर बघण्यासारखं काहीही घडत नाही. समुद्र आधी राखाडी होतो, मग काळा होतो, मग दिसेनासा होतो. तरीही हजारो माणसं रोज तिकडे तोंड करून बसलेली असतात. माझ्या म्हणण्याला यापेक्षा भक्कम पुरावा मिळणार नाही. मुंबईच्या माणसाला 'सूर्यास्त बघायला आलो' अशी पळवाट आहे. चेन्नईच्या माणसाला ती नाही; तो बसायलाच आलेला असतो, आणि तसं कबूल करायला लाजत नाही. खाण्यातही तेच. भेळ हा पदार्थ मोठा खरा, पण स्वभावाने उतावळा. भय्याने पातेल्यात कालथा खडखडवला, चिंचेचं पाणी पडलं, की घड्याळ सुरू होतं. कागदाच्या पुड्यातून कडक पुरीच्या चमच्याने चार मिनिटांत ती संपवली नाही तर कुरमुऱ्यांचा लगदा होतो, आणि वाऱ्याकडे पाठ केली नाही तर वरची शेव शेजारच्यांच्या केसांत जाते. भेळ खाणारा माणूस कामात असतो. मरीनावर पोरं डबे घेऊन हिंडत 'तेंगा, मांगा, पट्टाणी, सुंडल' अशी आरोळी देतात: खोबरं, कैरी आणि उकडलेले वाटाणे. सुंडल अर्धा तास हातात धरलं तरी त्याचं काही बिघडत नाही. एकेक दाणा तोंडात टाकत माणूस काळ्या पाण्याकडे बघू शकतो. पोटासाठी भेळ श्रेष्ठ असेल, बैठकीसाठी सुंडल.

बसायच्या या जागेचं राजकारण्यांना जेवढं महत्त्व कळलं तेवढं नगररचनाकारांना कळलेलं नाही. सभा म्हणजे तरी काय, पुष्कळ लोकांनी एकाच दिशेला तोंड करून बसणं. आणि ते ज्यांना आधीच येतं त्यांच्यासमोर भाषण करणं सोपं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गिरगाव चौपाटी गाजली. त्याआधी १९२० साली लोकमान्यांचं अंत्यदर्शन घेतलेली गर्दी इथेच होती. दादरच्या चौपाटीवर चैत्यभूमी आहे, पणजीला मिरामारच्या वाळूत भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे, आणि मरीनावर तामिळनाडूचे चार मुख्यमंत्री विसावले आहेत. करुणानिधींना तिथे जागा मिळावी म्हणून ऑगस्ट २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला रात्री सुनावणी घ्यावी लागली, आणि त्यात किनारपट्टीच्या नियमांचाही ऊहापोह झाला. मुंबईत जागेवरून कोर्टात जाणारे लोक रोजचेच. पण फ्लॅटसाठी नव्हे, वाळूसाठी रात्रीचं कोर्ट भरावं, याला त्या वाळूची तेवढी इज्जत असावी लागते.

विशाखापट्टणमचं फार लांबण लावायला नको. रामकृष्ण बीच रुंद आहे, मागे टेकड्या आहेत, मुरी मिक्स्चर चुरचुरीत मिळतं. बंदरामुळे इथेही वाळूची वाट अडते, म्हणून बंदरातून उपसलेली वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणजे किनारा आहे, पण हप्त्यांवर. पाणबुडीची फुशारकी मात्र मान्य करायला हवी. आयएनएस कुरसुरा नौदलातून निवृत्त झाली आणि २००२ पासून वाळूवर संग्रहालय होऊन उभी आहे. आयुष्यभर पाण्याखाली काढलेल्या पाणबुडीलासुद्धा निवृत्तीनंतर किनाऱ्यावर येऊन बसावंसं वाटलं, यातच आलं सगळं. कोळिकोडला शंभरावर वर्षं जुन्या धक्क्यांचे नुसते सांगाडे समुद्रात उभे आहेत, आणि काठावर मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या, आवळे, अननस बरण्यांतून मांडलेले असतात. त्या बरण्यांसमोर उभं राहून जिभेला पाणी न सुटणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिरुवनंतपुरमच्या शंखुमुखमवर वाळू झिजत चालली आहे, पण तिथला दरारा औरच. पद्मनाभस्वामी वर्षातून दोनदा समुद्रस्नानाला निघतात. त्यांच्या मिरवणुकीच्या वाटेत १९३२ साली विमानतळ झाला, तेव्हा देवाने वाट बदलली नाही. विमानांनी वेळ बदलली. त्या दिवशी काही तास उड्डाणं बंद ठेवून मिरवणूक धावपट्टी ओलांडून समुद्रावर जाते. पण देव बसायला येत नाहीत, स्नान करून परततात. तेव्हा गुण द्यायचे तर आदराने वेगळे द्यावे लागतील. कोलकात्याला घाट आहेत, गंगा आहे, फुटबॉल आहे, किनारा तेवढा नाही. म्हणून बंगाली माणसाच्या सहलीला तिथे थट्टेने 'दी-पु-दा' म्हणतात: दीघा, पुरी, दार्जिलिंग, आणि पुन्हा पहिल्यापासून. पुरीला तो समुद्रात खरंच उतरतो, पण टोकदार टोपी घातलेल्या नुलियाचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाचं, मनगट घट्ट धरून. आधाराशिवाय समुद्र हे आपल्याकडे कुठेच मंजूर नाही.

'आणि गोवा?' हा प्रश्न इतका वेळ दाराशी ताटकळत उभा आहे याची कल्पना आहे. गोव्याचे किनारे सुंदर आहेत, यावर वाद घालणाऱ्याची दृष्टी तपासून घ्यावी. पण ते शहराचे किनारे नव्हेत. ते विमानाने येणाऱ्यांचे किनारे आहेत. कळंगुटला शॅकसमोरच्या आरामखुर्चीत अंग टाकलं की दोन मिनिटांत कुणीतरी मेनूकार्ड घेऊन येतो. आता बसण्याची किंमत ठरली, मुदत ठरली, आणि पहिली बाटली संपून दुसरी मागवली नाही तर नजरेची धारही ठरली. फुकट बसता येत नाही तिथे बसणं हा व्यवहार होतो. खुद्द गोवेकर मे महिन्यात खाऱ्या पाण्याने सांधे मोकळे होतात म्हणून समुद्रात डुंबेल, पण एरवी पणजीकराला बसायचं असतं तेव्हा तो कळंगुटला जात नाही. तो मिरामारला जातो. तिथलं पाणी मांडवीच्या मुखाचं, गढूळ, वाळू साधी, मागे भेळ आणि आइस्क्रीमच्या गाड्या. म्हणजे गोव्याचीसुद्धा चौपाटी आहे, फक्त ती पर्यटन खात्याच्या पोस्टरवर येत नाही.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २०२० मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन मिळालं. त्यांत पुरीचा गोल्डन बीच आहे, विशाखापट्टणमजवळचं ऋषिकोंडा आहे. गिरगाव, जुहू, मरीना यांची नावं नाहीत, आणि असती तर परीक्षकांची चौकशी करावी लागली असती. पण चौपाटी घाण होते ती बसणाऱ्यांमुळे, हे अर्धंच खरं. पुडे आणि काड्या लोक टाकतात, त्याबद्दल त्यांना कान धरून उठवावं. मोठा मळ मात्र नाल्यांतून आणि सांडपाण्याच्या तोंडांतून येतो, आणि तो सोडणारं शहर भेळ खायला आलेलं नसतं, ते घरी बसून नळ सोडत असतं. समुद्र या बाबतीत एखाद्या कडक संपादकासारखा आहे. शहराने वर्षभर धाडलेला मजकूर तो पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर साभार परत करतो. वर्सोव्याला २०१५ पासून अफरोज शाह या वकिलांच्या पुढाकाराने लोक वाळू साफ करायला जमू लागले, ते काही आकाशातून पडलेले नव्हते. ज्या वाळूवर बसायचं तीच माणूस झाडतो. कुंपण घालून, माणसं हटवून किनारा स्वच्छ ठेवणं हे फडताळातल्या चिनीमातीच्या कपांसारखं आहे. एकही फुटत नाही आणि चहाही कुणी पीत नाही.

तेव्हा निकाल. पहिला नंबर मरीनाचा: जागा भरपूर, खाणं सबुरीचं, आणि बघण्याजोगं काही नसताना रोज येऊन बसण्याची निष्ठा. दुसरा गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह यांना मिळून. चर्नी रोडला लोकलमधून उतरून पूल ओलांडला की पाय वाळूत, ही सोय दुसऱ्या कुठल्या महानगराला जमलेली नाही, पण सूर्यास्ताची पळवाट आणि भेळेची घाई यांपायी गुण कापले आहेत. तिसरं कोळिकोड, बरण्यांसाठी. मिरामारला उत्तेजनार्थ. कळंगुट स्पर्धेबाहेर. मुंबईकरांना हा निकाल पटणार नाही हे गृहीत धरलेलं आहे. त्यांनी चेन्नईला जावं, संध्याकाळी सहाच्या सुमाराला मरीनावर सुंडल घेऊन बसावं, आणि अंधार पडेपर्यंत उठावंसं वाटलं तर मला खुशाल कळवावं. चपला सांभाळायला मात्र घरातलं कुणीतरी बरोबर न्यावं.